आयतोबाचं सोनं

यंत्र बंद पडलं, तरी फोनवरचं बोलणं काही थांबलं नाही. असं होईल का कधी? झालं खरं, आणि तेही खंडेनवमीला, साल २०४८.

साताऱ्यातली 'श्वासमित्र' ही कंपनी आजारी माणसांच्या घरी प्राणवायूची यंत्रं पुरवायची. यंत्र कुरकुरलं की लोक फोन करत आणि निहाराची आई तो उचलत असे. त्या दिवशी यंत्रांची पूजा होती. हार घालायचं खातं दहा वर्षांच्या निहाराकडे होतं.

फोनची सगळी व्यवस्था बघत तिचे बापूआजोबा. त्यांनी तिला दोन डबे दाखवले. आईच्या टेबलामागच्या खोलीत होता मुख्य सर्व्हर (कुणाचा फोन कुणाला जोडायचा ते बघणारा संगणक). दुसरा जिन्याखाली, वेगळ्या वीजजोडणीवर, राखीव सर्व्हर (पहिला बंद पडला तर त्याचं काम उचलणारा). पण चार वर्षांत तशी वेळच आली नव्हती. म्हणजे याने इकडची काडी तिकडे केली नाही तर, असं म्हणत निहाराने नाक मुरडलं आणि त्याचं नाव आयतोबा ठेवलं. झेंडूचे दोन्ही जाडजूड हार तिने मुख्य सर्व्हरलाच घातले.

दुपारी मेढ्याहून एका आजींचा फोन आला. त्यांच्या घरचं यंत्र बंद पडलं होतं आणि आजोबांना धाप लागली होती. कोपऱ्यातला छोटा सिलिंडर कसा जोडायचा ते आई शांतपणे सांगू लागली. तो जेमतेम तासभर पुरणार होता.

तेवढ्यात मागच्या खोलीतली पंख्याची घरघर थांबली. निहारा आत धावली. झेंडूने सर्व्हरची वारा घ्यायची जाळी पार बुजवली होती आणि तो तापून बंद पडला होता. आता फोन तुटणार, मेढ्याच्या आजोबांचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्यामुळे, या विचाराने तिला रडू फुटलं.

पण आईचं बोलणं चालूच राहिलं. सिलिंडर जोडून झाला तेव्हाच तिने फोन ठेवला आणि मेढ्यातल्या सर्जेराव मेकॅनिकचा नंबर लावला. पडद्यावर 'जोडत आहे' एवढंच दिसत होतं. निहाराने श्वास रोखून सहापर्यंत आकडे मोजले, आणि पलीकडे घंटी वाजली. अर्ध्या तासात सर्जेराव नवं यंत्र घेऊन आजींच्या दारात हजर झाला.

निहाराने हुंदके देत बापूंना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. जवळ बसवून त्यांनी तिला समजावलं की सर्व्हर म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. त्याने दोघांची गाठ घालून दिली की आवाजाचे बारीक तुकडे आपापल्या वाटेने जातात, म्हणून आजींचं बोलणं तुटलं नाही. नवा फोन जोडायला मात्र मध्यस्थ हवाच.

"मग तो कोणी जोडला?" निहाराने विचारलं.

"तुझ्या आयतोबाने," बापू म्हणाले. "दर दोन सेकंदांनी तो मुख्य सर्व्हरला विचारतो, आहेस का? तो म्हणतो, आहे. याला नाडीसंदेश (जिवंत असल्याची खूण) म्हणतात. तीनदा उत्तर आलं नाही की हा कामाला लागतो. सगळ्या फोनांची यादी याच्याकडे तयारच असते. आईच्या फोननेही सर्जेरावला लावताना आधी मुख्यालाच तसं तीनदा विचारलं, मग तो याच्याकडे वळला."

तीनदा दोन म्हणजे सहा. निहाराने मोजलेले तेच सहा सेकंद.

दोघांच्या खोल्या आणि वीजजोडण्याही वेगळ्या का, ते आता तिचं तिलाच कळलं. एकाच खोलीत असते तर एकाच आगीत दोघेही गेले असते.

"चार वर्षं तो नुसता बसून नव्हता, पोरी," बापू म्हणाले. "चार वर्षं दर दोन सेकंदांनी तो दुसऱ्याची चौकशी करत होता."

निहाराला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी आजींनी फोन करून सांगितलं की आजोबांनी भाकरी मागून खाल्ली. तेव्हा कुठे ती जेवायला बसली. उद्या चंद्रावर वस्ती झाली तर तिथेही असा एक आयतोबा लागेल, असं बापू म्हणाले. तो आपण बनवायचा हे निहाराने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याचं पहिलं पान घेऊन ती जिन्याखाली गेली. वारा घ्यायची जाळी नीट बघून, तिच्यापासून चांगलं हातभर लांब तिने ते ठेवलं.

"सोनं घे," ती हळूच म्हणाली, "आणि सोन्यासारखा राहा."