दोन प्रस्थाने

शेजारच्या विठ्ठलरावांच्या देवघराशी येताच रंगनाथ जागच्या जागी थिजला... परत द्यायला आणलेले उसने वर्तमानपत्र त्याच्या हातातच राहिले. देवांच्या पाटाशेजारी दोन गाठोडी होती, आणि त्यांतल्या एकातून त्याचेच निळ्या काठाचे उपरणे डोकावत होते!

"काकू, हे... कुणाचं?"

"अय्या, तुझंच प्रस्थान की रे!" विठ्ठलरावांच्या पत्नी सुमनकाकू हसल्या. "सकाळचा मुहूर्त गाठून शांताअक्कानं आणून ठेवलं. पुण्याला निघालास ना? का नवरदेवालाच लग्नाचा पत्ता नाही?"

निघणाऱ्याचे वस्त्र, मूठभर तांदूळ आणि सुपारी शुभवेळी शेजारच्या घरी ठेवायची. ती ठेवली की माणूस निघालाच, गाठोडे पुन्हा घरात आणायचे नसते. ही रीत रंगनाथला ठाऊक होती. पण आपण निघालो आहोत, हे मात्र त्याला आजच कळत होते! काकू आणखी काही सांगणार, तोच तो पायऱ्या उतरून गेला.

धारवाड म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून तो काम करी त्या छापखान्यातली मराठी छपाई आटत चालली होती. नोकरीसाठी लिहिले की पुण्याहून एकच उत्तर येई, समक्ष या, मग पाहू. आणि रंगनाथचेही एकच पालुपद असे, आधी नोकरी, मग गाव. आईवडिलांच्या माघारी स्वतःचे लग्न बाजूला सारून जिने आपल्याला वाढवले, त्या थोरल्या बहिणीला, शांताअक्काला, अशा अनिश्चितीत टाकून कसे जायचे? आणि आज तिनेच, एका शब्दाने न विचारता, त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले होते!

सुभाष रोडमागच्या बोळातल्या त्या दोन खोल्यांत शांताअक्का पीठ चाळीत बसली होती.

"जड झालो का गं मी तुला?"

चाळण थांबली. "झालास."

"अक्का!"

"आधी नोकरी, आधी नोकरी... दोन वर्षं हेच ऐकतेय, तम्मा." धाकट्या भावाला ती कानडी वळणाने तम्माच म्हणे. " माणूस समोर उभा राहिल्याशिवाय तिथं काम मिळत नाही, हे तुला कळत नाही होय? कळतं! पण तू भितोस. आणि त्या भीतीला माझं नाव देतोस."

"तू एकटी राहशील म्हणून..."

"एकटी कशानं? दुसरं गाठोडं बघितलं नाहीस वाटतं?"

"ते कुणाचं?" रंगनाथने विचारले.

"ते माझं. हुबळीला, देशपांडे नगरात, बाळाचार्यांच्या घरी स्वयंपाकाला राहणार आहे मी. ही जागा सोडतोय म्हणून मालकाला सांगून आले."

जिने आजवर कुणाच्या दारी हात पसरला नाही, ती मानिनी परक्याच्या चुलीपुढे! त्याची परतीची वाट मिटावी म्हणून तिने स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर मोडले होते... आणि क्षणापूर्वी तो तिला निष्ठुर समजत होता!

"छे! दोन्ही गाठोडी आत्ता परत आणतो मी!"

"आण की." ती उठून दारापासून बाजूला झाली. "अपशकुन माझ्या माथी. आण."

त्याचे पाऊल उचलले नाही. तो म्हणाला, "जातो मी, अक्का... नोकरी नसली तरी जातो. पण तू जाऊ नकोस."

"मला अडवणारा तू कोण? तुझंच शास्त्र पाळलं की मी! आधी नोकरी, मग गाव!"

ती हसली... आणि हसता हसता तिचा बांध फुटला. आयुष्यात प्रथमच तिने धाकट्या भावाच्या खांद्यावर डोके टेकले.

"भीती वाटते रे, तम्मा... दुसऱ्याच्या घरी एक रात्रसुद्धा राहिले नाही मी कधी."

पीठ माखलेले ते हात त्याने आपल्या हातांत घट्ट धरले. आपल्या भयाचे कौतुक करीत बसलेल्या त्या तरुणाला तिचे भय आज प्रथम दिसले होते!

तिसऱ्या दिवशी दोघे स्टेशनवर आली. गाडी सुटताना फलाटावर एकाकी उभी असलेली अक्का रंगनाथने मनात शतवार पाहिली होती, शतवार तो त्या चित्राने व्याकूळ झाला होता... पण हुबळीची गाडी आधी आली.

"वेळेवर जेव," खिडकीबरोबर धावत तो म्हणाला.

"स्वयंपाकिणीला सांगतोस होय, खुळ्या!"

गाडीने वेग घेतला. हात उंचावून फलाटावर उभा राहिला तो. आणि दूर दूर जाणाऱ्या खिडकीतून वाकून पाहणारी त्याची थोरली बहीण पहिल्यांदाच शाळेला निघालेल्या मुलीएवढी लहान दिसत होती.