एका वस्तूला एकच नाव

"ओ भाऊ, त्या चपला खाली ठेवा आधी!"

चारुशीला आतून बाहेर येता येताच ओरडली. ओरडेल नाही तर काय! जळगावचा एप्रिल, डोक्यावर उन्हाचा तवा, आणि पिंप्राळ्यातल्या माडीवरच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात एक उंच, सावळा मुलगा तिच्या नव्याकोऱ्या चपला हातात घेऊन उभा! आत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता, पण म्हणून कुणी त्या उचलून न्यायच्या?

"उन्हात होत्या... सावलीत ठेवत होतो. पाय भाजले असते."

"कुणाचे पाय, ते ठाऊक होतं का?"

"आत्ता कळलं," तो म्हणाला आणि – हसला.

हसू छानच होतं. म्हणून तर तिला जास्त संशय आला! सावद्याला तिच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, केळीचा व्यापार. नाना नेहमी सांगायचे, "घड वरून फार देखणा दिसला, की आधी उलटा करून बघावा."

हा देखणा घड धुळ्याचा निघाला. नाव निंबा. आणि नशीब बघा, क्लासच्या रतिलाल सरांनी दोघांना एकाच कामाला जुंपलं!

साल नव्व्याण्णव. वेबसाइट झटपट उभी करता यावी म्हणून सरांनी एक तयार सांगाडा लिहिला होता. तो कुणीही न्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा, आणि सगळं फुकट.

"फुकट? का पण?" चारूच्या भुवया वर.

"तू आधी तो वापरायचा कसा, ते मराठीत लिही," सर म्हणाले. "पुस्तिकेचा पहिला अर्धा भाग तुझा, पुढचा निंबाचा."

लिहून झालं आणि घोळ दिसला. वेबसाइटच्या प्रत्येक पानावर वरचा-खालचा भाग तोच राहतो, फक्त मधला मजकूर बदलतो. त्या न बदलणाऱ्या भागाला चारूनं लिहिलं होतं 'साचा', निंबानं 'चौकट'.

"वाचणाऱ्याला वाटेल या दोन निराळ्या वस्तू आहेत!" सरांनी कपाळाला हात लावला. "एका वस्तूला एकच नाव! शनिवारी पुस्तिका इंटरनेटवर टाकायचीय. आपसांत ठरवा. ज्याचा शब्द राहील, त्याचं नाव आधी छापीन."

चारूचे डोळे चमकले. "माझंच येणार! नानांना वाटतं, क्लासच्या नावाखाली मी टवाळक्या करते. पहिलं नाव माझं असलं की दाखवीन त्यांना."

"साच्यातून सगळं एकसारखंच निघतं," निंबा हळूच म्हणाला. "चौकटीत देव लावा नाहीतर आजोबांचा फोटो, चौकट तीच राहते."

"चौकट म्हटलं की माणूस दार समजून कडी शोधत बसेल!"

"तुमच्यासारखं कुणी असेल तर... आधी चोरच शोधेल."

ती फणकारली, पण घरी जाईपर्यंत एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून मात्र निंबाचं काहीतरी वेगळंच सुरू झालं. ती जवळ आली की हा स्क्रीन झाकायचा. जाताना फ्लॉपी शर्टाच्या खिशात टाकायचा, वर खिशावर हात ठेवायचा. "तुमचं काम कुठवर आलं?" असं रोज विचारायचा. चारूला खात्रीच पटली – हा आपलं नाव उडवणार! आणि तरी रोज क्लास सुटल्यावर तिच्या चपला सावलीत... डाव असेल, दुसरं काय?

गुरुवारी घरच्या भिंतीवरच्या फोटोंकडे बघता बघता ती थबकली. देव, आजोबा, ताईचं लग्न... चौकटी सगळ्या सारख्या, आतलं निराळं. छे! शब्द त्याचाच बरोबर होता.

शुक्रवारी तिनं आपल्या भागातला एकेक 'साचा' खोडून 'चौकट' केला. मराठी अक्षरांत कॉम्प्युटरला शब्द शोधता येईना, म्हणून ओळ न् ओळ वाचत, मान मोडेस्तोवर. नाव दुसरं आलं तर येवो! त्याला मात्र सांगायचं नाही.

शनिवारी सरांनी दोन्ही भाग जोडले आणि किंचाळलेच. "अरे, पुन्हा दोन नावं! आधी चौकट, मागून साचा?"

चारू भडकली. "मुद्दाम केलंत ना? माझी फजिती व्हावी म्हणून?"

निंबाचे कान लालबुंद. गडबडीत त्याची घरची बोलीच बाहेर पडली. "नही... मी बठ्ठं बदली टाकं... सगळीकडे साचाच केला, तुमचं नाव पहिलं यावं म्हणून. नानांना दाखवायचं होतं ना तुम्हाला?"

"मग स्क्रीन का झाकत होतात?"

"कळलं असतं, तर करू दिलं असतं?"

म्हणजे तिनं केलं तेच त्यानंही!

"आणखी काय लपवलंय?" तिनं डोळे बारीक केले.

"एकच गोष्ट..." तो चाचरला. "चपला उचलल्या, त्या दिवसापासून..."

"माझी कामं पडलीयत," सर घाईघाईनं म्हणाले. "चौकट ठेवतो. तो शब्द दोघांनी लिहिलाय, नावंही एका ओळीत टाकतो. निघा आता!"

चारू पळतच बाहेर आली. तिच्या चपला सावलीत होत्या. त्याच्या मात्र भर उन्हात, तापून निघालेल्या. रोज तिच्या तेवढ्या सरकवायचा वेडा... तिनं त्या पटकन उचलल्या.

"ओ..." मागून निंबाचा आवाज. "त्या चपला खाली ठेवा आधी!"

"उन्हात होत्या," ती न वळताच म्हणाली. "आणि 'ओ'च्या पुढे ताई म्हणालास ना, तर जिन्यावरून खाली फेकीन!"

"मग... काय म्हणू?"

तिनं वळून त्याच्याकडे नीट, संशयानं, खालपासून वरपर्यंत पाहिलं. घड उलटा करून बघतात तसं. कुठे डाग दिसेना.

"चारू," ती म्हणाली. "एका माणसाला एकच नाव."