पेटी नंबर चार

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. माझी दुपारची आहे. अडीच वाजताची, लख्ख उन्हातली.

आणि खरी आहे. माझी मुलगी आत्ता माझ्या मांडीशी झोपली आहे. तिच्याजवळ बसून तिच्याबद्दल खोटं लिहायची माझी छाती नाही.

ती झोपते तेवढाच वेळ माझा. त्यामुळे हे तुकड्यातुकड्यांत लिहितेय. सांभाळून घ्या.

मुलगी दीड महिना आधी झाली. तिच्या बाबाने पाहिलं आणि म्हणाला, "ही तर चिमटीभर आहे." तेव्हापासून ती चिमटी. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. पेटी नंबर चार.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टर म्हणाले, "आजची दुपार निघू दे. मग बोलू."

मी पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून बसले. ड्यूटीवरची नर्स शेजारच्या खोलीत गेली होती. बाकीच्या पेट्या रिकाम्या होत्या, खोलीत आम्ही दोघीच. मी वाकून, खिडकीला तोंड लावून, चिमटीला तिचं नाव सांगितलं.

एकदाच. अगदी हळू.

ते नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सासूबाईंनी त्यांच्या आईचं नाव ठरवून ठेवलं होतं, आणि त्यांच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती. पण वाटलं, गेलीच तर निदान स्वतःचं नाव ऐकून जाऊ दे.

मग माझा डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने.

चप... फर्र... चप... फर्र...

रबरी तळव्याचे बूट. एक पाय उचललेला, एक ओढलेला. आवाज माझ्या पाठीमागून दाराकडे गेला...

वळून पाहिलं. कुणी नाही. दार बंद.

घड्याळात अडीच.

चिमटीचं कपाळ ओलं होतं. पाण्याचा ओघळ कानाकडे चालला होता. पेटीतली वाफ असेल म्हणून मी बोटाने पुसून टाकला.

संध्याकाळी तिचा श्वास सुरळीत झाला. आनंदाच्या भरात मी ते पाणी विसरले.

माझी चूक झाली ती इथे.

चार महिन्यांनी आम्ही बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला चर्चच्या कचेरीत गेलो. मी, सासूबाई आणि कडेवर चिमटी. फादरनी फॉर्म पुढे सरकवला. आईचं नाव, बापाचं नाव, धर्ममाता कोण... माझी धाकटी बहीण. आणि खाली एक ओळ : जिवाला धोका असताना बाळाला आधी कुणी बाप्तिस्मा दिला आहे का?

मी लिहिलं, नाही.

फादरनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "नीट आठव, बाळ. दवाखान्यात होती ना ही? अशा वेळी धर्मगुरूच लागतो असं नाही. नर्ससुद्धा पाणी घालू शकते. आणि एकदा घातलं की पुन्हा घालता येत नाही. बाप्तिस्मा एकदाच."

"कोण घालणार, फादर?" सासूबाई म्हणाल्या. "मी बाहेर बाकावरच बसून होते. माशी आत गेली असती तरी तिला नाव विचारलं असतं."

फादर हसले.

मला हसू आलं नाही. मला ओघळ आठवला.

"विचारून या," माझ्याकडे बघत फादर म्हणाले. आता ते हसत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. मेट्रनबाई आधी मोकळं हसल्या. "अहो, हल्ली कोण देतंय? पूर्वी आमच्याकडे एक म्हातारी सिस्टर होती, ती द्यायची. हाती लागणार नाही असं मूल दिसलं की आईबापांना विचारून चमच्याने तीनदा पाणी घालायची. वहीत लिहूनही ठेवायची बिचारी."

"ती सिस्टर..." मी विचारलं. "पाय ओढायची का?"

मेट्रनबाईंचं हसू मावळलं.

"डावा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे पाहिलंत तिला? तिला जाऊन नऊ वर्षं झाली."

कपाटाचं कुलूप काढायला त्यांना तीन किल्ल्या लावून बघाव्या लागल्या. वहीवर धूळ होती. बोट फिरवलं की रेघ उमटेल, इतकी.

चार रकाने. तारीख. पेटी. नाव. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक नावापुढे एक क्रूस आणि एक वेळ.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मूल गेलं ती वेळ," मेट्रनबाई म्हणाल्या.

पानांमागून पानं. प्रत्येक नावापुढे क्रूस. एकही सुटलेला नाही.

मग शेवटचं लिहिलेलं पान आलं...

तळाशी, नऊ वर्षांपूर्वीच्या ओळीखाली, एक नवी ओळ. तेच तिरकं अक्षर. तीच निळी शाई.

त्या मंगळवारची तारीख. पेटी नंबर चार. आणि नाव.

"चष्मा घरी राहिला माझा. काय लिहिलंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"हे कुणी ठेवलं?"

"मी. पण कुणाला सांगितलं नव्हतं, आई. फक्त हिला. त्या दिवशी, पेटीत."

 सासूबाईंनी चिमटीला माझ्याकडून घेतलं आणि पदराखाली झाकलं. त्यांच्या आईचं नाव त्यांनी त्यानंतर आजतागायत काढलेलं नाही.

चिमटीच्या नावापुढचा शेवटचा रकाना कोरा होता.

"कुणीतरी चेष्टा केली असेल," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी घाईने वही मिटली. "पान फाडू का?"

"नको," मी म्हणाले. फाडताना आणखी काय फाटेल, कुणी सांगावं?

फादरनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. मग म्हणाले, "खात्री नसेल तेव्हा आमच्याकडे अट घालून बाप्तिस्मा देतात. तसाच देऊ."

रविवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, माझ्या बहिणीने चिमटीला कुंडावर धरलं. फादर म्हणाले, "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो..."

'नसेल तर' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चिमटी आंघोळीला रडून गल्ली गोळा करते. कपाळावर तीनदा पाणी पडलं, ती हूं की चूं नाही. तिने मान वळवली आणि बहिणीच्या डाव्या खांद्यापलीकडे, रिकाम्या जागेकडे बघून हसली. ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

चर्च गप्प होतं. म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं.

चप... फर्र...

बाहेर आल्यावर फोटो काढताना नवरा बहिणीला म्हणाला, "काय धर्ममाता, हात दुखले की नाही? चांगली सहा किलोची झालीय आता."

बहीण हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मघाशी माझ्या हातांखाली तू हात धरला होतास?"

"मी तर मागे उभी होते."

"मग कोण होतं?" ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली. "मला हिचं वजनच लागलं नाही गं."

आता चिमटी नऊ महिन्यांची आहे. गुटगुटीत आहे. डॉक्टर म्हणतात, दृष्ट लागेल अशी.

पण काही दुपारी, सगळ्या नव्हे, तिचं कपाळ ओलं असतं. पंखा चालू, खिडकी बंद, उशी कोरडी. फक्त कपाळ.

नवरा म्हणतो, घाम.  सासूबाई दोन वाजले की जपमाळ घेऊन खोलीच्या दारात खुर्ची टाकतात.

मी माझ्या मनाची समजूत घालते. त्या दुपारी माझी पोर वाचली ती त्या सिस्टरमुळेच. तिने पाणी घातलं, म्हणून संध्याकाळी श्वास सुरळीत झाला.

मग तो कोरा रकाना आठवतो. आणि कळत नाही, ती चिमटीला राखायला येते, की राहिलेलं काम पुरं करायला.

परवा मेट्रनबाईंना फोन केला. विचारलं, वही पुन्हा उघडलीत का?

"नाही," त्या म्हणाल्या.  "आणि बाई, तुम्हीही उघडायला सांगू नका."

चिमटीचं खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही. घरातही आम्ही ते मोठ्याने घेत नाही.

घड्याळात दोन वाजून सत्तावीस झालेत. थांबते.

आज तिच्या कपाळावर माझा हात आधी पोचायला हवा.