मार्शमॅलोच्या पोटात

चौदा मार्चला सकाळी ईप्सिता धावत ट्राममध्ये चढली आणि समोर कोण, तर कपिल! जपानहून कालच परतलेला. ऑफिसात छान नटून भेटायचं, असा तिचा बेत होता. तो राहिला बाजूला. ट्रामनं वळण घेतलं आणि बाईसाहेब थेट त्याच्या खांद्यावर!

"सॉरी..."

"असू दे की. मी कुठे तक्रार केली?"

आता गंमत बघा. जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात ही दोघं शेजारीशेजारी बसतात. व्हॅलेंटाइनला हिनं मनाचा हिय्या करून त्याला चॉकलेट दिलं, तर पठ्ठ्या म्हणतो, "जपानात याचं उत्तर चौदा मार्चला देतात. व्हाइट डेला." आणि निघाला की जपानला, कंपनीच्या कामावर! इकडे पोरीच्या जिवाची नुसती घालमेल. व्हाइट डेबद्दल सापडेल ते तिनं वाचून काढलं. बिस्किटं दिली तर मैत्री, गोळ्या दिल्या तर प्रेम, आणि ते मऊ, पांढरे मार्शमॅलो दिले तर... नकार.

कपिलनं पाठीवरच्या सॅकमधून एक पुडा काढून तिच्या हातात ठेवला. मार्शमॅलो!

ती पुलाखालची एल्बे नदी बघत राहिली.

"कळलं मला. तोंडानं सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"काय कळलं?"

"मी तुला आवडत नाही. मार्शमॅलोचा हाच अर्थ ना?"

"अगं, तो अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला! मूळ गोष्ट ऐकशील?"

राग होता, पण कुतूहल कुठलं गप्प बसतंय! "सांग."

"जपानात, फुकुओका शहरात एक मिठाईवाला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्यानं मासिकात एका बाईची तक्रार वाचली — आम्ही पुरुषांना चॉकलेट देतो, ते मात्र परत काहीच देत नाहीत. निदान मार्शमॅलो तरी द्या!"

"बरोबरच होतं तिचं!"

"गेनाऊ! अगदी बरोबर! मग त्यानं मार्शमॅलोच्या पोटात चॉकलेट भरलं आणि मार्शमॅलो डे काढला. त्याचाच पुढे व्हाइट डे झाला."

"पण पोटात चॉकलेट कशाला?"

कपिलचे कान लाल झाले. "म्हणजे... तू दिलेलं चॉकलेट मी माझ्या मायेत गुंडाळून परत देतोय... असं. हे आणायला मी मुद्दाम फुकुओकाला गेलो होतो, ईप्सिता."

तिनं एक मार्शमॅलो चावला. आत खरंच चॉकलेट! आता हसावं की याला बदडावं?

"मग जाताना का नाही बोललास, शहाण्या?"

"भीती वाटली गं. तिकडे जपानात ऑफिसात सगळ्यांनाच चॉकलेट वाटायची रीत आहे... आपली कर्तव्यापोटी. म्हटलं, तूही तसंच दिलं असशील. बाकीच्यांना कुठलं दिलं होतंस?"

"कुठल्या बाकीच्यांना?" ईप्सिता म्हणाली. "मी फक्त तुलाच दिलं होतं."