एक सोडून मोजा

हिवरखेडच्या उत्तरेला काळी जमीन संपते आणि सातपुड्याची मुरमाड चढण लागते, तिथून पुढे शाइस्ताची बीट होती, म्हणजे तिनं राखायचा जंगलाचा तुकडा. अचलपूरच्या विणकराची ही मुलगी वनरक्षक झाली, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांना मोठंच नवल वाटलं होतं. जंगलात पोरीला राखणार कोण, असं एकीनं विचारलंसुद्धा. शाइस्ता नुसती हसली आणि सकाळच्या एसटीनं कामावर हजर झाली. तिला ना वाघाची भीती, ना एकटेपणाची. भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. वणवा विझवायला आपण माणसं घेऊन जाऊ, त्यातलं एखादं आत राहील आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही, ही ती भीती.

आणि ती काही उगाच नव्हती. दोन सालं पाऊस दगा देऊन गेला होता, हा तिसरा उन्हाळा. होळीच्या आधीच पारा चाळिशी ओलांडून बसला होता. सालईचा, सागाचा पाचोळा घोट्याएवढा साचला होता आणि पाय पडला की पापडासारखा मोडत होता. एरवी एखाददोनदा पेटणारी टेकडी त्या साली फाल्गुनातच दुसऱ्यांदा पेटली.

आगी का लागतात, हा वाद तर रोजचाच झाला होता. वनपाल साहेबांचं म्हणणं, हे सगळं मोहा वेचणाऱ्यांचं काम. झाडाखालचा पाचोळा जाळतात, फुलं दिसावीत म्हणून, आणि आग सोडून घरी जातात. अकोल्याला जठारपेठेत शाइस्ताचे फारुखमामू राहत. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेलं, निवृत्तीनंतर रोज दुपारी गच्चीवरच्या तापमापकावरचा आकडा वहीत लिहायचा, हाच त्यांचा उद्योग. त्यांना साहेबांचं म्हणणं अर्धंच पटायचं. काडी माणूस लावतो हे कबूल, पण काडीला असं जंगल तयार करून कोण देतंय ते बघा की, असं ते म्हणत. गावात पारावर बसलेली मंडळी दोघांनाही वेड्यात काढत. ऊन काय आजचं आहे, आमच्या आज्यानं काय सावलीत दिवस काढले, असा त्यांचा सवाल. शाइस्ता मामूंच्या बाजूची. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, हे ती लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकत आली होती.

तिच्या हाताखाली सहा अंगारी होते. उन्हाळ्यापुरते आग विझवायला ठेवतात त्या मजुरांना अंगारी म्हणतात. सगळे हिवरखेडच्या आसपासचे शेतकरी, कपाशी उभी वाळली म्हणून जंगलाच्या रोजीवर आलेले. त्यांचा म्होरक्या नत्थुजी, साठीला टेकलेला, तीस उन्हाळे आगीत काढलेला माणूस. चाळिशीतला बंडू बोलायला पुढे, बाकीचे चौघे सांगितलं तेवढं मुकाट करणारे.

कामाची रीत ठरलेली होती. जंगलात दोन-तीन हात रुंदीचा पट्टा आधीच जाळून, झाडून मोकळा ठेवलेला असतो, ती जाळरेषा. आग लहान असली तर सहा जण एकमेकांपासून पाच-पन्नास पावलांवर रांगेनं उभे राहून ओल्या डहाळ्यांनी ती झोडपून काढत. आग ऐकेनाशी झाली की सगळे मागे सरून जाळरेषेवर येत, आणि मग समोरून दुसरी आग लावून पहिलीच्या तोंडावर सोडायची. तिला उलटी आग म्हणत. ती लावण्याआधी सगळे बाहेर आले की नाही, हे बघायला हवं. धुरात तर हातभर पुढचं दिसत नाही. म्हणून म्होरक्या "हो" अशी लांब हाळी द्यायचा आणि जाळरेषेवर पाय ठेवलेला प्रत्येक जण रांगेनं एकेक "हो" परत द्यायचा. आगीच्या तोंडाशी कुणाचं नाव घ्यायचं नाही, हा जुना दंडक.

पहिल्या आगीत म्होरक्याऐवजी हाळी शाइस्तानं दिली. उलट हाका आल्या सात.

तिला वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा हाळी दिली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग, आपली पाळी येईपर्यंत थांबल्यासारखा, थोडा लांबून सातवा. आवाज साधा होता, कुणाही थकलेल्या माणसाचा असावा तसा.

संध्याकाळी नाल्यावर तोंड धुताना तिनं नत्थुजींना विचारलं. त्यांनी फार मोठी गोष्ट नसल्यासारखं सांगितलं की एक जास्त येतो, तो सोडून द्यायचा. त्यांच्या आधीचा म्होरक्याही असंच मोजायचा, सात आले की सहा समजायचे. पूर्वी कधीकाळी यायचा, पाच-सहा वर्षांतून एखाद्या खेपेला. आता उन्हं वाढली तसा दर आगीत येतो.

"कोण येतो?" शाइस्तानं विचारलं.

"थे आमी नाई विचारलं," नत्थुजी म्हणाले. "तुमीबी विचारू नका. एक सोडून मोजा, बस."

टेकडीचा पडसाद असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. पण पुढची आग सपाटीवर लागली, समोर टेकडी नाही, कडा नाही, आणि तिथेही हाका सात आल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा तर आठ आल्या. इतक्या वर्षांत दोन कधी आले नव्हते, एवढंच त्या दिवशी नाल्यावर नत्थुजी बोलले, आणि भाकरी न खाता उठले.

शाइस्ता सुट्टी काढून अकोल्याला गेली. मामूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हसले नाहीत. तापलेल्या जमिनीवर आवाज सरळ जात नाही, वर वाकतो, असं त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. जवळच्या माणसाला हाक ऐकू येत नाही आणि कुठली तरी लांबची भलतीच कानावर पडते. कुणी गुराखी असेल, लाकूडतोड्या असेल. कागद बघून शाइस्ताचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर कागदापेक्षा मामूंच्या आवाजानं पडला.

"बेटा, आदमी की आवाज पे भरोसा मत कर," निघताना ते म्हणाले. "असं काही दे, जे दुसऱ्याजवळ नसेल."

जठारपेठेतल्याच खेळाच्या दुकानातून तिनं पिवळ्या प्लास्टिकच्या सात शिट्ट्या घेतल्या. एक स्वतःला, सहा अंगाऱ्यांना. नवा नियम सांगितला. ती एक लांब शिट्टी देईल; जाळरेषेवर आलेल्यानं एक आखूड द्यायची. सहा म्हणजे सहा. सोडायचं काही नाही. बंडूनं तिथल्या तिथे वाजवून दाखवली आणि सगळे हसले. नत्थुजींनी शिट्टी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, कोपरीच्या खिशात टाकली.

"हाळी त्यानं आयकून आयकून शिकली, मॅडम," ते हळूच म्हणाले. "हेबी शिकन. एक सोडूनच मोजत जा."

शाइस्ताला राग आला. वडीलधारा माणूस म्हणून ती तोडून बोलली नाही, पण सहाच्या सहा मोजणार, हे तिनं स्पष्ट सांगितलं. माणसांचा जीव असल्या समजुतीवर टांगायचा का? त्या क्षणी तिच्या जागी तुम्ही-मी असतो, तरी हेच म्हणालो असतो.

आणि बघा, जमलंही. त्यानंतर तीन वणवे झाले. तिन्ही वेळा तिनं लांब शिट्टी दिली, तिन्ही वेळा बरोबर सहा आल्या. ना सात, ना आठ. तिनं मामूंना फोन करून सांगितलं. मामू खूश झाले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी दोनला, उंबरझिऱ्याच्या अंगानं धूर दिसला. ते ऊन सांगून कळणार नाही. पक्षी झाडांत चोची उघड्या टाकून बसले होते. बाटलीतलं पाणी चहासारखं तापलं होतं. सगळे पोचले तेव्हा आग पायाशीच होती, पाचोळ्यातून सरपटत. सहा जण रांगेनं आत शिरले. शाइस्ता जाळरेषेच्या या टोकाला थांबली, हातात मशाल, उलट्या आगीसाठी.

अर्धा तास झाला असेल. वारा पश्चिमेचा होता, तो एकाएकी फिरला. नत्थुजींच्या हिशेबानं चारच्या आत फिरायला नको होता. धूर जमिनीला चिकटून तिच्याकडे आला आणि त्याच्या आत कुठेतरी बांबूचं बेट पेटल्याचे बार ऐकू आले. मागे या, मागे या, असं ती दोनदा ओरडली. पन्नास पावलांवर धुरात ज्वाळा माणसापेक्षा उंच दिसू लागल्या. आता जाळरेषा एकटी टिकणार नव्हती. ती ओलांडली, की खाली गवताची कुरणं आणि पलीकडे वस्ती.

तिनं शिट्टी तोंडात धरली. लांब वाजवली.

ती मोजत होती.

एक. दोन.

तीन, जरा लांबून.

चार. पाच.

मग नुसता आगीचा आवाज. ये बाबा, ये.

सहा.

स्पष्ट, आखूड, अगदी जवळून. सातवी नाही. ती थांबली, आणखी एक येते का म्हणून कान देऊन थांबली, पण नाही आली. एक सोडून मोजलं तर पाचच होत होते. नत्थुजींचं ते बोलणं तिला आठवलं, पुरतं आठवलं, आणि तिनं ते बाजूला सारलं.

मशाल खाली टेकवली. पाचोळ्यानं भप्प करून पेट घेतला आणि उलटी आग आत धावली.

दोन आगी एकमेकींना भिडल्या आणि वीस मिनिटांत सगळं निवलं. जाळरेषेच्या दुसऱ्या टोकाकडून, नाल्याच्या वळणावरून, काळवंडलेली माणसं चालत आली. बंडू पुढे होता. त्याच्यामागे चौघं. बंडूनं तिच्या मागे बघितलं, इकडे तिकडे बघितलं.

"नत्थुजी तुमच्यापाशी होते ना?" त्यानं विचारलं.

नत्थुजी दिवस मावळायच्या आत सापडले. जाळरेषेपासून सतरा पावलं आत. तोंड जाळरेषेकडे होतं.

चौकशी अकोल्याला झाली. तिथेही तोच वाद. एका साहेबांनी मोहा वेचणाऱ्यांवर गुन्हे घाला म्हटलं, दुसऱ्यांनी तापमानाचे तक्ते पुढे केले, हे असंच वाढत जाणार आहे म्हणाले, आणि दोघांचा आवाज चढला. शाइस्ताला त्यांनी एकच प्रश्न विचारला. आग लावण्याआधी किती जणांनी उत्तर दिलं? तिनं लिहून दिलं, सहा; अंगाऱ्यांना कुणी विचारलंच नाही. सहावी वाजवल्यावर नत्थुजी काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा आत गेले असावेत, असा शेरा पडला. तिला दोष लागला नाही. तिनंही तो शेरा घट्ट धरला, नाहीतर तिला झोप लागली नसती.

तेराव्यानंतर नत्थुजींची बायको आशाबाई अंगाऱ्यांच्या कॅम्पवर आली. बाई रडली नाही. सरकारी वस्तू घरात नको म्हणून तिनं पदराच्या गाठीतून पिवळी शिट्टी काढून शाइस्ताच्या हातावर ठेवली. नवी कोरी, दोरीची दुकानातली गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"कुठे सापडली?" शाइस्तानं विचारलं.

"सापडली नाई, मॅडम. आणली त्या दिवसापासून खुटीवरच होती. एक दिवसबी नेली नाई त्यायनं."

म्हणजे त्या तीन वणव्यांतही नाही. शाइस्ता बाकावर बसली. आशाबाईनंच माठातलं पाणी काढून तिला दिलं. किती चांगलं माणूस आपण आपल्या हातानं जाळलं, हे त्या पाण्याच्या घोटाबरोबर तिच्या आत उतरलं आणि तिथेच राहिलं.

तरी तिचं डोकं कारण शोधायचं थांबेना. सहावी शिट्टी पाचांतल्याच कुणीतरी चुकून दोनदा वाजवली असणार. दुसरं काय? घाबरला असेल, वाजवून गेला असेल, आता सांगायला भीत असेल. ती दुसऱ्याच दिवशी हिवरखेडला गेली. एकेकाच्या घरी. मी रागावणार नाही, कागदावर घेणार नाही, फक्त खरं सांगा, दोनदा कुणी वाजवली? पहिल्यानं नाही म्हटलं. दुसऱ्यानंही. तिसरा आणि चौथा एकमेकांचे शेजारी, दोघांनी आपल्या पोरांच्या शपथा घेतल्या, आणि पुढे काही विचारलं की दोघंही खाली बघायला लागले.

बंडूचं घर शेवटी. तो ओट्यावर बसून दोर वळत होता. तिचा प्रश्न ऐकून त्याचे हात थांबले.

"दोनदा कावून, मॅडम?" तो म्हणाला. "एकदाबी नाई वाजवली आमी. पाचई जण जाळरेषेवर येऊन, शिट्ट्या तोंडात धरून उभे होतो, तुमच्या शिट्टीची वाट पाहून राहिलो होतो. तुमची आलीच नाई."