दोन दातांच्या खुणा

गिटार मी आमच्या मागच्या गॅलरीत बनवली. तिथे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत, वॉशिंग मशीन आहे, आणि या दोहोंच्या मध्ये एक माणूस उकिडवा बसेल एवढी जागा. लाकूड माझ्या माहेरच्या अभ्यासाच्या टेबलाचं. टेबल खिळखिळं झालं होतं, पण वरची फळी चांगली जाड होती. तिच्यात एक गाठ होती आणि गाठीभोवतीच्या रेषा अशा वळलेल्या, की लहानपणी मी त्यावर बोट गोल गोल फिरवत बसायचे. त्या फळीतून एकच बॉडी निघणार होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

स्पर्धेची जाहिरात नवऱ्याने दाखवली. घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार. बॉडी आणि दांडा स्वतःच्या हाताचा हवा, तारा, खुंट्या, आवाज टिपणारे पिकअप विकतचे चालतील.

"डोकं गंजतंय म्हणतेस ना," तो म्हणाला. "घे, घास."

त्याने गमतीत म्हटलं होतं. मी दुसऱ्या दिवशी करवत घेऊन आले. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. ठकी व्हायच्या आधी अँप्लिफायर दुरुस्त करायचे, पुढेही करीन असं सगळ्यांना सांगितलं होतं. ठकी म्हणजे आमची मुलगी. तिचं खरं नाव छान, लांबलचक आहे आणि ते कुणीच वापरत नाही. ती तेव्हा दहा महिन्यांची होती, खालचे दोन दात नुकतेच आले होते आणि समोर येईल त्यावर ती ते चालवून बघत होती.

काम तिच्या झोपेत व्हायचं. झोप मोडली की काम मोडायचं. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजचं एक भोक चुकीच्या जागी पडलं, कारण ड्रिल टेकवलं आणि आतून रडू आलं. ते मी काडेपेटीच्या काडीने आणि गोंदात कालवलेल्या भुशाने बुजवलं. कडेचा एक वळसा असाच वाकडा गेला. दोन्ही चुका मला दिवसभर खुपायच्या.

"अगं, भुसा जातोय लेकराच्या नाकात," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

"दार लावलंय, आई."

"दार लावलंयस खरं. पण लेकरू दाराच्या तुझ्या बाजूला आहे."

मी वळून पाहायचे, तर ठकी वॉशिंग मशीनला धरून उभी, भुवया पांढऱ्या झालेल्या.

एकदा मी पॉलिश पेपर शोधायला आत गेले. परत आले तर ती गिटारच्या खालच्या शिंगाला, म्हणजे बॉडीच्या पुढे आलेल्या टोकाला, तोंड लावून बसली होती. लाकूड मऊ, दात नवे. तांदळाच्या दाण्याएवढे दोन खड्डे, शेजारी शेजारी. मी तिच्यावर ओरडले. फार नाही, पण ओरडले. मग खड्डे घासून काढायचे ठरवले, आणि ते राहून गेलं. ती रोज संधी मिळाली की तिथेच तोंड लावायची. गिटार पुरी झाली तेव्हा तो कोपरा कायम ओलसर असायचा. वॉर्निशला वेळच उरला नाही. नुसतं तेल चोळून मी ती पिशवीत घातली.

स्पर्धेच्या दिवशी ठकीला ताप होता. दातांचा असणार, असं डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते. सासूबाईंनी तिला खांद्यावर घेतलं होतं.

"आज राहू दे ना," त्या म्हणाल्या.

"दुपारपर्यंत येते, आई."

"मी अडवत नाहीये. म्हटलं फक्त."

मी चप्पल घातली. ठकीने हात पुढे केले नाहीत, नुसतं बघत राहिली. जिना उतरताना मला काय वाटलं असेल? हलकं वाटलं. हात मोकळे, खांद्याला फक्त गिटार.

स्पर्धा एका तांत्रिक शाळेच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलं, त्यांवर हिरवं कापड, प्रत्येकाला एक स्टँड आणि एक नंबर. माझ्या शेजारी टक्कल पडलेले एक गृहस्थ होते. त्यांनी दाराच्या झडपेची गिटार केली होती, कडी तशीच ठेवून. ते माझ्याकडे पाहून मोठ्याने हसले.

"बाई, दोन दोन आणल्यात? एक कच्ची, एक पक्की?"

मला कळलं नाही. मग मी माझ्या नंबराच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक गिटार आधीच ठेवलेली होती.

ती माझीच होती. पण कुणीतरी ती पुरी केली होती. गाठ त्याच जागी, तिच्याभोवतीचा वळसा तसाच. वाकडी गेलेली कड घासून इतक्या सफाईने ओढून घेतली होती, की तो वाकडेपणा मुद्दाम काढलेला वाटत होता. ब्रिजजवळ काडीने बुजवलेलं भोक होतं, रंग जुळवलेला, माझ्याशिवाय कुणाला दिसलंही नसतं. वर लॅकरचे किती हात होते कोण जाणे. हॉलमधल्या ट्यूबलाइट तिच्यात पाण्यात दिसाव्यात तशा दिसत होत्या.

आजूबाजूची दोघं-तिघं जवळ आली. कुणीतरी म्हणालं, "कॉपी आहे का?" आणि दुसऱ्याने विचारलं, "कुणी कुणाची?" मी माझी गिटार पिशवीतून अर्धी काढली होती, ती तशीच धरून उभी राहिले. कान तापले होते. तिच्या शेजारी माझी म्हणजे आंघोळ न घातलेलं पोर दिसत होती.

व्यवस्था पाहणाऱ्या बाई बिल्ले वाटत आल्या आणि थबकल्या.

"अहो, तुम्ही सकाळीच ठेवून गेलात ना?"

"मी आत्ता येतेय."

"मग बहीण असेल तुमची. हुबेहूब. केस तेवढे पांढरे." त्यांनी स्वतःच्या कानशिलाला हात लावला. "मी म्हटलं, नाव सांगा, तर म्हणाल्या मी स्पर्धेत नाही. दुसरी येईल, तिच्या शेजारी फक्त ठेवून बघायचीय. खुर्ची दिली, बसल्या निवांत. घरी काही घाई नाही म्हणाल्या."

"मला बहीण नाही."

"असं?" बाई म्हणाल्या आणि बिल्ला माझ्या हातात देऊन पुढे गेल्या.

खुर्ची रिकामी होती.

मी फळीचा विचार केला. लाकडातली गाठ दोनदा येत नाही, झाड तसं वागत नाही. फोटोवरून रेषा रंगवल्या असतील म्हणून मी वाकून पाहिलं. रंगवलेल्या नव्हत्या, कडेवरून आत उतरत होत्या. मग मी शोधणं सोडलं आणि नुसती बघत राहिले. आणि बघता बघता मला त्या बाईचा हेवा वाटला. साधा, स्वच्छ हेवा. लॅकरचा एक हात वाळायला दिवस जातो, मग घासायचं, मग पुन्हा. किती वेळ मिळाला असेल हिला! हिच्या घरी लहान कुणी नसणार. झोप मोडायला, मध्ये रडायला, कुणी नसणार. बरं आहे हिचं.

हे मी शब्दांत म्हटलं, मनात, पूर्ण वाक्यात.

आणि मग खालच्या शिंगाकडे माझं लक्ष गेलं.

तांदळाच्या दाण्याएवढे दोन खड्डे.

मी बोट लावलं. आत गुळगुळीत, काचेसारखं थंड. लॅकर खड्ड्यांच्या तळापर्यंत नीट पोचलेलं होतं. बारीक ब्रशने, एकेक करून भरल्याशिवाय असं होत नाही.

बाकी प्रत्येक चूक तिने निस्तरली होती. एवढी एक तशीच ठेवली होती. जपली होती.

माझ्या गिटारवरचा तो कोपरा अजून ओला होता.

मी घरी फोन लावला. वाजत राहिला.

पुन्हा लावला.

मी माझी गिटार तिच्या शेजारी टेकवली आणि निघाले. मागून टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, "अहो, परीक्षक आले!" मी पायऱ्या उतरत होते. रिक्षात मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. रिक्षावाल्याने एकदा आरशात पाहिलं आणि मग नाही पाहिलं.

दार सासूबाईंनी उघडलं, तोंडावर बोट ठेवून. ठकी पलंगावर पालथी झोपली होती, मानेला घाम, ताप उतरलेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. पाठ वर येत होती, खाली जात होती.

"फोन का नाही उचललात?"

"वाजला असता तर ही उठली असती. उशीखाली घातला." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हरलीस का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

संध्याकाळी नवरा हॉलवरून गिटार घेऊन आला. जिन्यातूनच ओरडत आला.

"अगं दुसरा नंबर! फिनिशिंगसाठी खास कौतुक केलंय. आणि वॉर्निश कधी मारलंस? परवापर्यंत तर नुसतं लाकूड होतं. रात्रीची जागत होतीस का वेडे?"

त्याने पिशवीची चेन उघडली. आत ट्यूबलाइट चमकली.

"दुसरी कुठेय?" मी विचारलं.

"दुसरी कुठली? त्या बाई म्हणाल्या तुझ्या बहिणीने तिची नेली. मी म्हटलं, हिला कुठली बहीण!" तो हसला. "गोंधळ आहे सगळा त्यांचा."

मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं तर हॉलमध्ये त्या गिटारकडे बघताना मला काय वाटलं तेही सांगावं लागलं असतं. बक्षिसाचा कप सासूबाईंनी दर्शनी कपाटात ठेवला. कुणी आलं की त्या तो काढून दाखवतात. "घर सांभाळून केलं हो पोरीने. लेकरू मांडीवर घेऊन केलं." मी खाली बघते. लोकांना तो विनय वाटतो. माझ्या गिटारला कुणी विचारलंही नसतं. ती आता ज्या घरी आहे, तिथे तिचा तो कोपरा केव्हाच वाळला असेल.

काही दिवसांनी मी गिटारच्या पाठीचं झाकण उघडलं. जोडणी माझ्याच पद्धतीची होती, सोल्डरचे थेंब लहान, तारा डावीकडून वळवलेल्या, फक्त हात जास्त स्थिर. पिकअपच्या खाली टेकू म्हणून स्पंज घालतात. तिथे स्पंज नव्हता. घडी घातलेलं कापड होतं.

मी ते उलगडलं. लहान मुलाच्या फ्रॉकचा गळा. पांढऱ्यावर निळ्या होड्या, पण धुऊन धुऊन इतक्या विटलेल्या, की होड्या आहेत हे तिरकं धरल्यावर कळत होतं. गळ्याच्या पट्टीला हाताने घातलेली बारीक टीप.

मी ठकीचं कपाट उपसलं. भेट आलेले, लहान झालेले, अजून मोठे होणारे, सगळे कपडे पलंगावर मांडले. होड्यांचा एकही नव्हता. त्या दिवशी मी पोटभर जेवले. कुणाचं तरी काहीतरी आहे, आपलं नाही, असं स्वतःला म्हटलं आणि पुन्हा लाज वाटली, कारण मला बरं वाटत होतं.

ठकी आता दीड वर्षाची आहे. धावते, पडते, "मी" म्हणते. गेल्या महिन्यात सासूबाई दुकानातून उरलेल्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या.

"बघ गं, किती गोड आहे. एक फ्रॉक बसेल."

त्यांनी तो पलंगावर पसरला. निळ्या होड्या, करकरीत.

"नको, आई."

"का नको?"

"रंग जाईल त्याचा."

"जात नाही, मी विचारलंय ना. गळा हाताने शिवते, मशीनची टीप टोचते तिला." त्या टेप घेऊन ठकीसमोर बसल्या. "सैल ठेवू का?"

"खूप सैल ठेवा," मी म्हणाले. "दोन-तीन वर्षं पुरू दे."

"इतका? पिशवी दिसेल."

"दिसू दे."

फ्रॉक झाला. ठकीला दुसरा चालत नाही. मी तो कपाटाच्या तळाशी दडपला, तर तिने सगळं कपाट खाली ओढलं. एकदा मी तो बाल्कनीतून खाली टाकला, खालच्या बाई धुऊन, घडी करून घेऊन आल्या. सासूबाई दुखावल्यासारख्या झाल्या. "माझ्या हातचं नको असेल तर तसं सांग," म्हणाल्या.

मग मी एवढंच करते. तो मशीनमध्ये घालत नाही. थंड पाण्यात, साबण न लावता, हलक्या हाताने काढते आणि सावलीत वाळवते. डाग पडला तर पडू देते. लोक बघतात, मुलीला मळकी ठेवली आहे म्हणतात, ते ऐकून घेते. वाळला की दार लावून गिटारचं झाकण उघडते आणि तो तुकडा फ्रॉकच्या गळ्याशेजारी धरते. पहिल्या दिवशी दोन्हींत दिवस-रात्रीचा फरक होता.

आज दुपारी पुन्हा धरले. कुठल्या होड्या जास्त विटल्यात ते बघायला मला खिडकीपाशी जावं लागलं.