आवाज वेगळा, चाल वेगळी

पालमच्या बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गर्दी नसती, तर मी शेजारच्या माऊलीच्या साउंड सर्व्हिसमध्ये शिरलेच नसते. उन्हात ताटकळत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "मॅडम, सावलीत थांबा की. स्पीकर चावत न्हाईत." मी हसले... आणि तिथंच फसले.

मी शिकवते त्या शाळेच्या गॅदरिंगसाठी गाणं कापून घ्यायचं निमित्त मग मिळालंच. एका गाण्यासाठी किती वेळा जावं माणसानं! कधी मला सुरुवात लांब वाटायची, कधी शेवट. माऊलीही मुद्दाम काहीतरी चुकवून ठेवायचा. माझ्या कानांवर हेडफोन ठेवताना बोटं केसांना लागू नयेत म्हणून इतका जपायचा, की मलाच राग यायचा.

गाणं मला लहानपणापासून पाठ. त्याच्या संगीतकारावर तर माझा जीव. आणि गेल्या आठवड्यात तोच गृहस्थ मुलाखतीत म्हणाला, की जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुली घराण्याला काळिमा फासतात. आमचं घर बौद्ध, माऊलीचं मराठा शेतकऱ्याचं. आम्ही एकमेकांशी अजून तसलं काही बोललोही नव्हतो, तरी ते वाक्य मला नेमकं येऊन लागलं. संतापले. पण दुपारी मुलं त्याच गाण्यावर नाचायला लागली आणि माझ्या पायानं ठेका धरला. मग स्वतःचाच राग आला. गाणं ठेवावं की टाकून द्यावं, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी माऊलीला म्हणाले, दुसरं गाणं बघा. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. तो कॉम्प्युटरकडे वळला, गायिकेचा आवाज काढून टाकला आणि नुसती चाल लावली.

"ऐका. ह्याच्यात त्याचं बोलणं कुठं हाय?"

चाल खरंच गोड होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी जास्तच चिडले.

"अन् तुमच्या घरी कुणी असंच बोललं तर? ते बी बाजूला काढून ठेवताल?"

त्यानं गाणं बंद केलं.

"परवा माय बोलली," तो म्हणाला. "अगदी तसंच. मी ताटावरून उठून आलो... तवापासून इथंच झोपायलोय."

"कशावरून बोलली?"

"लग्नाचा विषय निघाला... मी तुमचं नाव घेतलं."

मला विचारायच्या आधी मायला सांगितलं, याचा राग यावा की आनंद व्हावा? दोन्ही एकदमच झालं.

"चाल वेगळी काढता येती, मॅडम," तो हळूच म्हणाला. "पण मायला मनातून काढता येईना... अन् तुमाला बी न्हाई."

गाण्याचा गुंता माझ्या डोक्यात तसाच होता. या माणसावर माझं प्रेम आहे, एवढं मात्र लख्ख कळलं.

"मग मायसमोर अजून एकदा नाव घ्या," मी म्हणाले. "मी संगं असताना."